पाच नियमित विद्यार्थी

दिनांक १३ नोव्हेंबर २०२४ रोजी आमच्या विद्यालयाने दहावीच्या पाच विद्यार्थ्यांचे परीक्षा शुल्क, एकूण रुपये २,३५०, नियमित विद्यार्थी म्हणून मंडळाकडे भरले. या पाच जणांना नियमित बसवायला मुख्याध्यापकांचा विरोध होता, संस्थेचा विरोध होता, आणि त्यांतल्या तिघांच्या घरच्यांनाही त्यात काही अर्थ वाटत नव्हता. तरी ते बसले, ते मराठीचे शिक्षक सुनिल वाळकू खाकर यांच्यामुळे. हे त्यांच्याविषयी आहे.

आमची शाळा मुरबाड तालुक्यात, वैशाखऱ्याच्या पुढे, घाटाच्या बाजूला आहे. आठवी ते दहावी, तीन वर्ग, वर पत्रा. मी तिथे कार्यालयाचे काम पाहतो. शाळेत कारकुनाला भाऊसाहेब म्हणतात, त्यामुळे माझे खरे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही. सुनिल सर २०२१ साली आमच्याकडे मानधनावर आले. तेव्हा त्यांचे वय अडतीस होते. मराठीत एम.ए., बी.एड., आणि त्याआधीची दहा-अकरा वर्षे इथे सहा महिने, तिथे एक सत्र अशी गेलेली.

त्यांचे घर सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका पाड्यात. थोडा भात, थोडी नाचणी. आई हिराबाई अजून आहे, वडील लवकर गेले. लहानपणी त्यांना शहापूरच्या एका वसतिगृहात ठेवले होते. आठवीपर्यंत आपल्याला वाचता येत नव्हते, हे ते कोणालाही सहज सांगत. अक्षर मात्र चांगले होते, कारण फळ्यावरचे ते चित्रासारखे उतरवून काढत. सुट्टीत कोणी मुलगा घरी निघाला की त्याच्याबरोबर बाकीचे आपल्या घरी चिठ्ठ्या पाठवायचे. लहान पोरांना लिहिता येत नसे, म्हणून ती या चांगल्या अक्षरवाल्याकडे यायची. ती सांगायची, हा कसेबसे लिहायचा. मग ती म्हणायची, "आता वाच रे, काय लिवलं ते." शब्द नुकतेच कानांनी ऐकलेले असायचे, त्यामुळे डोळा बरोबर त्यांच्यावर पडायचा. असे वर्षभर चालले आणि हा मुलगा वाचायला लागला. पाठ्यपुस्तकाने त्यांना जे आठ वर्षांत दिले नाही, ते पोरांच्या चिठ्ठ्यांनी दिले.

शिकवायची त्यांची पद्धत यातूनच आली होती. आमच्याकडे नववीत येणाऱ्या चाळीस मुलांपैकी दहा-बारा जणांना सलग एक परिच्छेद वाचता येत नाही. ही मुले ठाकूर पाड्यांवरची, काही खालच्या गावांतली. आठवीपर्यंत वर ढकलली गेलेली असतात. फळ्यावरचे वहीत उतरवतात, म्हणून तपासणीला आलेल्या माणसाला वही भरलेली दिसते. सुनिल सर या मुलांना शाळा भरण्याआधी तासभर बोलवत. पुस्तक उघडत नसत.

"मनोज, बोल. काल काय झालं?"

"काय नाय झालं, सर."

"दिवसभर काहीच नाही? मेला होतास का?"

पोरे हसत. मनोज नावाचा हा मुलगा मान खाली घालून म्हणाला, "कोंबडी पळाली आमची."

"कुठं पळाली?"

"सरपंचाच्या घरात. टीव्ही लावलेला, तर त्याच्यापुढंच बसली. मी आत कसा जानार? भाईरूनच हाका मारल्या."

"कोणाला? सरपंचाला का कोंबडीला?"

सर हे सगळे त्याच्याच बोलीत, त्याच्याच शब्दांत कागदावर लिहीत. कागद त्याच्या हातात देत. दुसऱ्या दिवशी त्याने तो वाचायचा. महिन्याभराने लिहायचे काम मुलांकडे येई. नियम एकच होता: लिहून झाले की खाली आपले नाव घालायचे, आणि नावाखाली पाड्याचे नाव. एखाद्याने विसरून कागद तसाच दिला तर सर तो परत करत. "हे कोणाचं आहे? बेवारस दिसतंय. वारस असेल तर नाव घाला." मुलांना हे फार आवडे. वर्गात एक तार बांधली होती, तिला कपड्यांच्या चिमट्यांनी हे कागद टांगलेले असत. आमच्या शाळेतल्या कित्येक मुलांचे नाव हजेरीपटाबाहेर पहिल्यांदा त्या तारेवर दिसले.

आता १७ नंबरच्या फॉर्मविषयी सांगितले पाहिजे. शाळा सुटलेल्या माणसाला बाहेरून दहावीला बसता यावे म्हणून हा फॉर्म असतो. आमच्या शाळेत त्याचा दुसरा उपयोग होत असे. दहावीत जो नापास होईलसे वाटे, त्याच्या पालकाला बोलावून दाखला हातात द्यायचा आणि १७ नंबर भरून घ्यायचा. अशा मुलाचा निकाल शाळेच्या निकालात धरत नाहीत. त्यामुळे फाटकावर शंभर टक्के निकाल लिहिता येतो, आणि संस्थेला तो दाखवून पुढच्या तुकडीच्या मंजुरीसाठी धावपळ करता येते. ज्यांचे फॉर्म भरले ती मुले दिवाळीपर्यंत घरी बसत, मग कामाला लागत. त्यानंतर परीक्षेलाही जात नसत. मी पाहिलेल्यांपैकी एकही मुलगा तसा पास झालेला मला आठवत नाही.

२०२४ च्या यादीत पाच नावे होती. मनोज, ऋतिक, सारिका, रखमी आणि चंदा धाकलू पारधी. पाचही सरांच्या सकाळच्या तासाची. मुख्याध्यापक देसले सरांनी यादी केली तेव्हा सुनिल सर कार्यालयात आले. मी तिथेच होतो.

"ही पाच नावं काढा, सर," ते म्हणाले. "ही वाचतात."

"खाकर सर, कोंबडीवर बोर्डात मार्क मिळत नाहीत."

"मिळतील. कोंबडी त्याची स्वतःची आहे, गाइडमधली नाही."

देसले सर हसले. माणूस वाईट नाही. पण संस्थेच्या अध्यक्षांचा फोन त्यांनाच येतो. ते म्हणाले, "आणि उडाली तर?"

"तर मराठी माझ्याकडून काढून घ्या."

"मराठी काय काढायचीय? तुम्ही मानधनावर आहात. तुम्हालाच काढतील."

"तसं लिहून घ्या."

लिहून कोणी घेतले नाही. पण बोलणे झाले, आणि संस्थेपर्यंत पोचले. पाचांचे शुल्क नियमित म्हणून भरले गेले. त्यांतली तीन पोरे शुल्काचे पैसे वेळेवर आणू शकली नाहीत. ते सरांनी घातले.

डिसेंबरात चंदाचे वडील धाकलू शाळेत आले. चंदा पाचांत सर्वांत हुशार होती. नववीच्या सुरुवातीला स्वतःचे आडनाव अडखळत वाचायची, आता तिला थांबवावे लागे. पण धाकलूंना खात्री नव्हती. खर्डीच्या बाजूचे एक स्थळ आले होते. मुलगा रिक्षा चालवत होता.

"गुरुजी, पोरगी खरंच वाचते का नुस्ती पाठ बोलते?"

"तुम्हीच बघा."

धाकलूंनी पिशवीतून एक लग्नपत्रिका काढली. चंदाने ती वाचली, अगदी तळाच्या ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’ पर्यंत. धाकलू हसले नाहीत. "ही समद्यांनाच येते. लग्नात काय दुसरं लिवत्यात?" म्हणून त्यांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला एक सरकारी कागद काढला. दळी जमिनीच्या, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जंगलजमिनीच्या, दाव्याचा होता. चंदाने तो वाचायला सुरुवात केली. शब्द कठीण होते, पण ती एकेक करत पुढे गेली. दावा अमान्य झाल्याच्या ओळीवर आली तेव्हा धाकलू म्हणाले, "बस गो. कळलं."

त्यांनी कागद परत प्लास्टिकमध्ये गुंडाळला.

"दोन वर्सं खिशात हाय हा कागद," ते म्हणाले. मग सरांकडे वळले. "पास झाली तर घालतो मुरबाडला अकरावीला. नाय झाली, तर मंग मी सांगीन ते तिनं ऐकाचं. आन् तुमी मधी पडाचं नाय. कबूल?"

सरांनी चंदाकडे पाहिले. तिने मान हलवली.

"कबूल," सर म्हणाले.

फेब्रुवारीत परीक्षा सुरू झाली. पहिला पेपर मराठीचा. केंद्र मुरबाडच्या वाटेवरच्या दुसऱ्या शाळेत होते. ज्या विषयाचा पेपर, त्या विषयाच्या शिक्षकाला त्या दिवशी केंद्रात येता येत नाही. म्हणून सरांनी आदल्या दिवशी सगळ्या वर्गाला सूचना दिल्या. पेन दोन न्या. प्रश्न क्रमांक समासात घाला. पत्राच्या प्रश्नात स्वतःचे नाव घालायचे नाही, प्रश्नपत्रिकेत दिलेलेच घालायचे. हे त्यांनी तीनदा सांगितले, आणि मुलांनी पाळलेही.

पेपर सुटायच्या वेळी सर फाटकाबाहेर टमटमच्या थांब्यावर उभे होते. हातात वडापावची पिशवी. मीही उरलेल्या मुलांची प्रवेशपत्रे पोचवायला गेलो होतो, तो परत निघालो होतो. चंदा पळतच आली.

"सर, पुरवनी घेतली मी!"

"घेतली? निबंध कशावर लिहिलास?"

"अनुभवलेला प्रसंग. बिबट्या आला तो आमच्या गोठ्यात, तवा आजीनं खराटा घेतला नं त्याच्या अंगावर धावली, ते समदं लिवलं. तिनं शिव्या दिल्या त्या पन लिवल्या. वायच कमी करून."

"मॅडम उभ्याच ऱ्हायल्या हिच्याजवळ," सारिका म्हणाली. "वाचीत हुत्या. बोलल्या, छान."

"शेवट जमला का?" सरांनी विचारले.

"जमला ना. खाली नाव घातलं. चंदा धाकलू पारधी. पाडा पन घातला."

सर पिशवीतून वडापाव काढत होते. त्यांचा हात थांबला नाही. एक चंदाला दिला, एक सारिकाला, मग मनोज आणि रखमी आले, त्यांना दिला. देताना प्रत्येकाला विचारले, निबंध कसा झाला, शेवट कसा केला. तिघांनीही तसाच केला होता. ऋतिक शेवटी आला, तोंड पाडून. "माझं ऱ्हायलं, सर. टाइम संपला. शेवटच्या दोन ओळी नं नाव, दोनी ऱ्हायलं. ओढूनच घेतली उत्तरपत्रिका." सरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "असू दे रे."

मुले टमटममध्ये बसून गेली. मग सर थांब्याच्या कट्ट्यावर बसले. उत्तरपत्रिकेत विद्यार्थ्याची ओळख पटेल असे काहीही लिहिणे हा गैरप्रकार समजला जातो. तपासणाऱ्याला खूण करून गुण मिळवू नयेत म्हणून तो नियम आहे. वर्गातल्या बाकीच्या मुलांनी गाइडमधले निबंध पाठ करून उतरवले होते. त्या निबंधांखाली कोणाचे नाव नसते. त्यामुळे त्यांचा प्रश्नच आला नाही.

"पत्राचं सांगितलं मी," सर म्हणाले. "निबंधाचं सुचलंच नाही, भाऊसाहेब. निबंधाखाली कोण नाव घालतं?"

दुसऱ्या दिवशी देसले सरांना सांगितले. आपणहून मंडळाला कळवावे, असे सुनिल सरांचे म्हणणे. देसले सर म्हणाले, गप्प राहा, एखादा तपासणारा दुर्लक्षही करतो, आणि पोरांचे बाकीचे पेपर व्हायचे आहेत, त्यांच्या कानावर जाऊ देऊ नका. हे शेवटचे सरांना पटले. उरलेल्या प्रत्येक पेपरला ते फाटकाबाहेर उभे राहिले. चंदा प्रत्येक वेळी मजेत बाहेर यायची. विज्ञानाचा दुसरा पेपर सोडला तर तिचे सगळे पेपर चांगले गेले.

एप्रिलमध्ये सूचनापत्र आले. चौघांची नावे होती. ऋतिकचे नव्हते. सुनावणीला पालक आणि मुख्याध्यापकांसह हजर राहायचे होते. पाड्यावरून इतक्या लवकर एसटी नाही, म्हणून बारकूची जीप ठरवली. पहाटे निघालो. जीपमध्ये देसले सर मुलांना समजावत होते, "चुकून झालं म्हणायचं. घाबरून झालं. बाकी काही बोलायचं नाही." सुनिल सर पुढच्या सीटवर होते. ते मागे वळून म्हणाले, "सरांनी सांगितलं होतं म्हणायचं. ते खरं आहे."

"खाकर सर, पायावर धोंडा मारून घेताय."

"माझ्याच पायावर ना?"

धाकलू बाहेर बघत होते.

एकेका मुलाला आत बोलावले. मुख्याध्यापकांबरोबर कागद घेऊन मीही आत होतो. समोरचे अधिकारी रागीट नव्हते. त्यांच्यासमोर त्या दिवशी बरीच प्रकरणे होती. चंदाची उत्तरपत्रिका त्यांनी उघडली, पुरवणीचे शेवटचे पान तिला दाखवले.

"हे तू लिहिलंस?"

"हो, सर."

मग त्यांनी पहिल्या पानावरची छापील सूचना तिच्यापुढे केली. "वाचता येतं ना? हे वाच."

चंदाने ती वाचली. मोठ्याने, न अडखळता, पूर्णविरामाला थांबून. गेल्या वर्षी त्याच मुलीचे नाव यादीत होते, म्हणून देसले सर तिच्याकडे बघतच राहिले.

"परीक्षेच्या दिवशी वाचलं होतंस?"

"वाचलं होतं."

"कळलं होतं?"

"हो. पत्राखाली नाव घालाचं नाय."

"इथे पत्र कुठं म्हटलंय?"

चंदाने पुन्हा कागदाकडे पाहिले. "नाय म्हटलं," ती म्हणाली. "पन सर, पत्र तर पेपरात सांगितलेल्या माणसाचं असतं. हे माझं व्हतं. म्हणून नाव घातलं."

"कोणी सांगितलं घालायला?"

"कोनी नाय. मीच घातलं."

अधिकाऱ्यांनी लिहून घेतले: सूचना वाचली होती, समजली होती, स्वतःहून लिहिले. वाचता येत नव्हते म्हणाली असती, तर कदाचित वेगळे काही लिहिता आले असते. पण ती त्यांच्यासमोर वाचून बसली होती. ते देसले सरांना म्हणाले, "मुलगी चांगली आहे हो. पण नियमाला हेतू दिसत नाही."

शेवटी सुनिल सर आत गेले आणि एका पानाचा जबाब लिहून दिला. लिहिलेल्या प्रत्येक मजकुराखाली नाव व पाडा घालण्याची सवय विद्यार्थ्यांना मी लावली; त्यात त्यांचा दोष नाही. खाली सही, पूर्ण नाव, गाव. जबाबाने मुलांचे काही झाले नाही. मात्र संस्थेकडे त्याची प्रत गेली.

मे महिन्यात निकाल लागला. ऋतिक पास झाला. लिहून पुरे न झाल्यामुळे पास झालेला तो एकटा. उरलेल्या चौघांची मराठीची संपादणूक रद्द झाली आणि ते अनुत्तीर्ण धरले गेले. चंदाला इतर विषयांत चांगले गुण होते. जूनमध्ये सुनिल सरांना नवीन नेमणूक मिळाली नाही. त्यांनी विचारलेही नाही. शेवटच्या दिवशी ते चौघांचे पुरवणी परीक्षेचे फॉर्म भरायला कार्यालयात आले होते. सगळे रकाने स्वतः भरून नेले, पालकांच्या सह्या आणि अंगठे घेऊन परत आणले.

धाकलूंच्या ओटीवर ते गेले तेव्हाचे त्यांनी मला नंतर सांगितले. अंगठा द्यायला धाकलूंनी नकार दिला नाही. दिला, आणि हात पुसत म्हणाले, "गुरुजी, फारम भरा. पन तारीख धरलीय आमी. तुमीच कबूल बोलला हुता."

"फक्त मराठीचा एक पेपर आहे, धाकलूदादा. एक दिवस."

"तिच्या सासऱ्याला विचारा आता."

चंदा आत भाकरी थापत होती. ती बाहेर आली नाही. सर उठले तेव्हा आतूनच म्हणाली, "सर, या हं लग्नाला." सर गेले नाहीत.

पुरवणी परीक्षेला चौघांपैकी कोणीच बसले नाही. मनोज मुरबाडच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे लागला होता. एक खाडा झाला तर परत घेत नाहीत. सारिका आणि रखमी आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, कामावर होत्या. सुनिल सर चारही प्रवेशपत्रे घेऊन केंद्राच्या फाटकाबाहेर उभे होते. दरवाजा बंद झाला. तरी पेपर सुटेपर्यंत ते तिथेच होते, असे केंद्रावरच्या शिपायाने सांगितले. त्याला वाटले, आत यांचे मूल बसले आहे.

यंदा दहावीतल्या सहा जणांचे १७ नंबरचे फॉर्म भरले. कोणी हरकत घेतली नाही. आमचा निकाल शंभर टक्के लागला.

सुनिल सर आता शहापूरजवळ महामार्गालगतच्या एका गोदामात माल उतरवून घेण्याच्या कामावर आहेत. महिन्यातून एकदा सिद्धगडाकडे आईला भेटायला जातात. मध्ये एकदा मुरबाड स्टँडवर भेटले. चंदाला मुलगी झाली, असे त्यांनी सांगितले. त्यांना खर्डीच्या एका माणसाकडून कळले होते. ती वाचते का काही, असे मी विचारले. ते म्हणाले, "विचारलं नाही, भाऊसाहेब. काय विचारणार?" मग त्यांची गाडी लागली.

सुनावणीला नेलेल्या जीपचे भाडे रुपये ३,६०० ठरले होते. शाळेने ते खर्चात धरले नाही, म्हणून सरांनी स्वतः ३,२०० दिले. बारकूचे चारशे रुपये अजून द्यायचे आहेत.